अमरावती पुन्हा पडली

किल्ल्यांचा विषय निघाला की मराठी माणसाच्या अंगात येतं. एरवी चार जिने चढताना तीनदा कठड्याला टेकणारा गृहस्थही राजगड-तोरण्याचं नाव निघालं की असा काही बोलायला लागतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, बालेकिल्ल्याची किल्ली ह्याच्याच कडदोऱ्याला होती. बुरूज किती, दरवाजे किती, टाकी किती, दारूकोठार कुठं, सगळं तोंडपाठ. फितुरी कोणी केली तेही पाठ, कारण आपल्या इतिहासात तो तपशील सहसा गहाळ होत नाही.

पण एका किल्ल्याचा संरक्षणविषयक इतिहास कोणी नीट मांडलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. वास्तविक हा किल्ला सगळ्यांत जुना, सगळ्यांत खर्चिक आणि सगळ्यांत जास्त वेळा पडलेला. तटबंदीच्या आत अख्खं शहर, शहरातच राजधानी आणि राजधानी म्हणजेच राज्य, अशी ही एकशहरी सत्ता. शत्रू ठरलेला, तो म्हणजे राक्षस. (पुराणं 'असुर', 'दैत्य', 'दानव' असे बारीक पोटभेद करतात. तटावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला ह्या भेदांचा फारसा उपयोग नसतो.) शहराचं नाव अमरावती. मालक, किंवा निदान भोगवटादार, देवराज इंद्र.

आधी किल्ला पाहून घेऊ. भागवताच्या आठव्या स्कंधात त्याचं वर्णन आहे, आणि एखाद्या सरकारी अभियंत्यानं मोजणी करून लिहावं इतकं ते पद्धतशीर आहे. भोवती खंदक, आणि खंदकात पाणी कुठलं, तर थेट आकाशगंगेचं. म्हणजे उन्हाळ्यात आटण्याची भीती नाही. तट उंच, अग्नीच्या रंगाचा, वर बुरूज. दरवाज्यांची कवाडं सोन्याची, गोपुरं स्फटिकाची, आत आखीव राजमार्ग. बांधकाम विश्वकर्म्याचं. ह्या कंत्राटदाराबद्दल तिन्ही लोकांत कोणाची तक्रार नव्हती. ते नाव ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

असा किल्ला असल्यावर राजानं खरं तर बुरुजावर पाय पसरून तांबूल खात बसावं. पण इंद्राइतका धास्तावलेला राजा सगळ्या पुराणवाङ्मयात शोधून सापडणार नाही.

ह्याचं एक कारण त्याच्या नेमणुकीत आहे. इंद्र हे माणसाचं (माफ करा, देवाचं) नाव नव्हे, ते पद आहे. एका कल्पात चौदा मन्वंतरं, आणि दर मन्वंतराला इंद्र नवा. एका मन्वंतरात 71 महायुगं, एका महायुगाची 43 लाख 20 हजार वर्षं. गुणाकार केला तर इंद्राची मुदत भरते 30 कोटी 67 लाख 20 हजार वर्षं. तुमच्याआमच्या हिशेबानं ही नोकरी चांगलीच कायमची म्हणायची. पण मुदत कितीही लांब असली तरी ती मुदत आहे एवढं एकदा खुर्चीवरच्याला कळलं, की त्याची झोप उडते. समोरून येणारा प्रत्येक जण त्याला आपल्या जागेचा उमेदवार दिसायला लागतो.

सध्याच्या, म्हणजे सातव्या मन्वंतरातल्या इंद्राचं नाव पुरंदर. पुरंदर म्हणजे पुरं फोडणारा, किल्ले उद्ध्वस्त करणारा. ऋग्वेदात ह्या पराक्रमाचा डंका आहे. शंबराची पुरं त्यानं फोडली, कुठे नव्वद, कुठे नव्व्याण्णव, कुठे शंभर. आकड्यात फरक पडतो, पण पराक्रमाचा आकडा सांगताना एवढी सूट आपण गावच्या पैलवानालाही देतो. गंमत अशी, की शंभर किल्ले फोडणाऱ्या ह्या वीराला आयुष्यात पुढे एकच किल्ला राखायचा होता, आणि तो काही त्याला राखता आला नाही. फोडण्याची विद्या वेगळी, राखण्याची वेगळी. विरोधी पक्षातून सत्तेवर आलेल्या पुष्कळांना हा अनुभव आहे.

आपण मराठी लोकांनी पुण्याजवळच्या एका बळकट किल्ल्यालाही हेच नाव ठेवलं. किल्ल्याचं नाव पुरंदर ठेवणं म्हणजे तिजोरीला 'दरोडेखोर' म्हणून हाक मारण्यासारखं आहे. 1665 साली मिर्झा राजा जयसिंगाच्या फौजांनी त्याला वेढा घातला, मुरारबाजी देशपांडे तिथं लढता लढता पडले, आणि त्या एका किल्ल्याच्या नावानं झालेल्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. पण मुरारबाजींसारखा गडी पुरंदरावर होता. इंद्राच्या अमरावतीत तसा कोणी उभा राहिल्याची नोंद मला आढळत नाही.

आता अमरावतीच्या पडण्याची यादी पाहू. पूर्ण यादी देत नाही, ठळक नोंदीच देतो.

महिषासुर. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात हे युद्ध शंभर वर्षं चाललं. शेवटी देव हरले आणि महिष स्वतःच इंद्र झाला. देव पृथ्वीवर माणसांसारखे भटकायला लागले.

तारकासुर. ह्याला मारायचा तो फक्त शंकराच्या मुलानं, असा वर. आणि वर मिळाला तेव्हा शंकर समाधीत, लग्नाचं नाव नाही. म्हणजे संरक्षणाचा सगळा आराखडा एका ब्रह्मचाऱ्याच्या लग्नावर अवलंबून. त्या लग्नाच्या खटपटीत मदन जळून गेला, पार्वतीनं तप केलं, लग्न झालं, कार्तिकेय जन्मला, मग कुठे तारकाचा निकाल लागला. मधल्या काळात अमरावतीनं काय काय सोसलं त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

मेघनाद. उत्तरकांडात रावण स्वर्गावर चालून गेला आणि त्याच्या पोरानं थेट इंद्रालाच बांधून लंकेला नेलं. राजधानीचा राजा युद्धकैदी! ब्रह्मदेवाला स्वतः लंकेला जाऊन सुटकेची बोलणी करावी लागली. मेघनादाला ह्या कामगिरीबद्दल 'इंद्रजित' ही पदवी मिळाली, आणि ती पुढे इतकी मान्यता पावली, की आज चांगल्या घरातले आईबाप हौसेनं मुलाचं नाव इंद्रजित ठेवतात. इंद्राची ह्यावर काय भावना असेल, ह्याचा कोणी विचार करत नाही.

आणि बळी. बळीचं प्रकरण सगळ्यांत शांततेत पार पडलं. त्यानं वेढा दिला आणि शुक्राचार्यांनी दिलेला शंख फुंकला. इंद्र धावत बृहस्पतींकडे गेला. गुरूंचा सल्ला असा, की ह्याच्यावर भृगुकुळाची कृपा आहे, ह्याच्यापुढे आपला निभाव लागायचा नाही, तेव्हा दिवस फिरेपर्यंत जागा सोडा. देवांनी नाना रूपं घेतली आणि जागा सोडली. आकाशगंगेचा खंदक, अग्निवर्णी तट, सोन्याची कवाडं सगळं जिथल्या तिथं राहिलं. बळी रिकाम्या शहरात शिरला. इतक्या भक्कम किल्ल्याच्या तटाला ओरखडाही न उमटता तो पडला. विश्वकर्म्याला बांधकामाचं प्रशस्तिपत्र ह्याहून चांगलं काय मिळणार?

इथं तुम्ही म्हणाल, की अहो, पण शेवटी देवच जिंकतात ना? जिंकतात. पण कसे जिंकतात ते पाहिलं, की आपल्याला आपल्या कचेऱ्यांची आठवण व्हायला लागते.

पहिली पद्धत वरिष्ठांकडे जाण्याची. संकट आलं की इंद्र ब्रह्मदेवाकडे जातो. ब्रह्मदेव म्हणतात, वर मीच दिलाय, तेव्हा माझे हात बांधलेले. मग सगळे मिळून विष्णूकडे. विष्णू कधी स्वतः दखल घेतो, कधी प्रकरण महादेवाकडे पाठवतो. अर्ज टेबलाटेबलावरून फिरत असताना खाली राक्षस लूट करतच असतात. आपल्या जेजुरीच्या मल्हारीची कथा ह्याच वळणाची. मणी आणि मल्ल दैत्यांनी ऋषींचे आश्रम उद्ध्वस्त केले. ऋषी इंद्राकडे गेले. इंद्र म्हणाला, ब्रह्मदेवाच्या वरामुळे माझा इलाज नाही. ऋषी विष्णूकडे गेले, तिथंही नाइलाज. शेवटी महादेवांनी मार्तंडभैरवाचं रूप घेतलं, घोड्यावर बसले, खड्ग उचललं आणि चंपाषष्ठीला काम पुरं केलं. जेजुरी आजच्या महसुली नकाशात पुरंदर तालुक्यात आहे. म्हणजे ज्याला हे काम जमलं नाही त्याच्या नावाचा तालुका, आणि ज्यानं केलं तो त्या तालुक्यातला रहिवासी. सरकारदरबारी असं व्हायचंच.

दुसरी पद्धत वर्गणीची. महिषासुराच्या वेळी सगळ्या देवांचं तेज एकत्र आलं आणि त्यातून देवी प्रकटली. मग एकेकानं तिला शस्त्रं दिली. इथं मूळ ग्रंथ बारकाईनं वाचण्यासारखा आहे. शंकरानं आपल्या शूलातून दुसरा शूल काढून दिला. विष्णूनं आपल्या चक्रातून दुसरं चक्र काढून दिलं. इंद्रानं आपल्या वज्रातून दुसरं वज्र काढून दिलं, शिवाय ऐरावताच्या गळ्यातली घंटा दिली. म्हणजे अस्सल प्रती सगळ्यांनी आपापल्या घरी ठेवल्या! देवी रणात उतरली, महिषाला मारलं, आणि अमरावती मोकळी झाली. पण स्वर्गाच्या सिंहासनावर पुन्हा कोण बसलं, ते सांगायची गरज नाही. घरात कितीही पुरुष असले तरी निस्तरायचं काम शेवटी बाईकडे येतं आणि निस्तरून झाल्यावर बैठकीत लोडाला टेकून बसायला मंडळी पुन्हा हजर होतात, हा अनुभव तसा पुरातनच आहे.

तिसरी पद्धत भाडोत्री मदतीची. पृथ्वीवरचे राजे बोलवायचे. दुष्यंत गेला, अर्जुन गेला. अर्जुन तर पाच वर्षं अमरावतीत राहिला, आणि शिक्षणाची दक्षिणा म्हणून इंद्रानं त्याच्याकडे निवातकवच नावाचे दानव मारायचं काम दिलं. संख्या फक्त तीन कोटी. अर्जुन त्यांच्या नगराशी पोचला तर ते अमरावतीहून सुंदर. त्यानं मातलीला साहजिकच विचारलं, इतकं छान शहर असताना देव इथं का राहत नाहीत? मातली म्हणाला, हे पूर्वी आमचंच होतं, ह्यांनी आम्हांला हुसकून लावलं. सारथ्याला असली उत्तरं तोंडपाठ असावी लागतात ह्यावरूनच मालकाची कारकीर्द समजते.

पण ह्या मदतीचं बिल कोणी भरलं, हे पाहायला लागलो की हसू थोडं ओसरतं.

दशरथ असाच इंद्राच्या मदतीला शंबराविरुद्ध लढायला गेला होता. रणात जखमी झाला, कैकेयीनं त्याला वाचवलं, आणि त्यानं तिला दोन वर दिले. पुढचं रामायण तुम्हांला माहीत आहे. चौदा वर्षं वनवास, पुत्रशोकानं म्हातारा गेला, तीन राण्यांचं घर विस्कटलं. अमरावतीच्या एका लढाईचा खर्च अयोध्येच्या खात्यावर पडला आणि तो फिटायला दोन पिढ्या लागल्या. राम वनात निघाला तेव्हा इंद्राकडून साधा निरोप आल्याचं माझ्या वाचनात नाही.

मुचकुंदाची गोष्ट तर ह्याहून जिवाला लागणारी आहे. हा राजा देवांच्या बाजूनं युगं न् युगं लढला. कार्तिकेय सेनापती म्हणून मिळाल्यावर देव त्याला म्हणाले, आता तुम्ही मोकळे. तुमचं राज्य, बायको, मुलं, प्रधान, प्रजा, सगळं काळानं नेलं. आता काय हवं ते मागा, मोक्ष सोडून, कारण तो आमच्या हातात नाही. त्या माणसानं काय मागावं? झोप मागितली. बाकी काही नको, मला झोपू द्या, आणि उठवेल त्याची राख होऊ द्या. तो एका गुहेत जाऊन झोपला. दुसऱ्याच्या शहराचा पहारा करता करता ज्याचं घर बुडालं, त्याच्या पदरात शेवटी एवढंच पडलं.

आणि दधीची. वृत्राला मारायला हत्यार हवं होतं. देव ऋषीकडे गेले आणि त्यांची हाडं मागितली. दधीचींनी दिली. त्या अस्थींचं वज्र झालं. आपण ते वज्र 'इंद्राचं' म्हणतो. हाडं कोणाची होती, ते परमवीरचक्राकडे पाहताना मात्र आठवायला हवं, कारण त्या पदकावर वज्र कोरलेलं आहे. सावित्रीबाई खानोलकरांनी ते रेखाटलं. स्वित्झर्लंडात जन्मलेल्या ह्या बाईंचा आपल्या पुराणांचा अभ्यास दांडगा होता. पदकावर काय असावं हे ठरवताना त्यांनी इंद्राचा मुकुट घेतला नाही, ऐरावत घेतला नाही. दधीचींच्या हाडांचं वज्र घेतलं. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते.

बरं, वृत्र मेल्यावर तरी इंद्रानं ताठ मानेनं सिंहासनावर बसावं? महाभारताच्या उद्योगपर्वात तो हत्येच्या पातकाच्या भयानं जाऊन कमळाच्या देठात लपला. जागा रिकामी राहिली. मग देवांनी नहुष नावाचा पृथ्वीवरचा राजा आणून बसवला. माणूस सज्जन होता. पण खुर्चीचा गुण असा, की थोड्याच दिवसांत त्याला शची हवीशी झाली, पालखी उचलायला सप्तर्षी लागू लागले, आणि अगस्तींना लाथ मारून तो सर्प होऊन खाली पडला. ह्याचा अर्थ काय? तर अमरावतीला राक्षसांपासून जितका धोका होता तितकाच त्या सिंहासनावर बसणाऱ्याला सिंहासनापासून होता. खंदक बाहेरच्यासाठी असतो. आतल्यासाठी विश्वकर्म्याकडे नकाशा नव्हता.

चौथी पद्धत प्रतिबंधक उपायांची. कोणी डोळे मिटून तपाला बसला, की अमरावतीत धोक्याची घंटा वाजायची. ह्याला माझं पद हवंय! लगेच मेनका पाठव, रंभा पाठव. तप करणारा माणूस बिचारा स्वतःच्या आत्म्याच्या उद्योगात असेल, पण इंद्राच्या दप्तरी त्याची नोंद संभाव्य राक्षस म्हणून व्हायची. एकदा भीतीनं घर केलं की तटाबाहेरचा प्रत्येक जण शत्रू वाटतो, आणि राक्षसांची संख्या मोजण्यापलीकडे जाते.

म्हणून मुळात राक्षस म्हणजे कोण, हा प्रश्न विचारायला हवा. ऋग्वेदाच्या जुन्या भागात 'असुर' हा मानाचा शब्द आहे. वरुणाला तो लावलेला आहे, खुद्द इंद्रालाही लावलेला आहे. शब्दाचे दिवस पुढे फिरले. आणि शेजारच्या इराणात ते उलट बाजूनं फिरले. तिथं 'अहुर' हा परमेश्वर झाला आणि 'दएव', म्हणजे आपले देव, हे सैतानाच्या टोळीतले ठरले. अवेस्तातल्या वेंदिदाद ह्या ग्रंथात अशा सैतानांची नावं येतात, आणि त्यांत एक नाव आहे इंद्र! म्हणजे तटाच्या ह्या बाजूला जो किल्लेदार तोच त्या बाजूला राक्षस. आपल्या घरी 'आमचा बंड्या' असतो तो शेजारी 'ती ब्याद' असतो, तसंच हे.

इंद्रावर तर एकदा आधुनिक काळात खटलाही झाला. मॉर्टिमर व्हीलर हे पुरातत्त्व खात्याचे महासंचालक. हडप्पाला उत्खननात तटबंदी सापडली, मोहेंजोदडोला पूर्वी सांगाडे मिळालेले होते, आणि वेदांत पुरं फोडणारा पुरंदर होताच. व्हीलरसाहेबांनी 1947 साली ह्या सगळ्याची सांगड घालून सिंधू संस्कृतीच्या अंताचा आरोप इंद्रावर ठेवला. पुढे 1964 साली जॉर्ज डेल्स नावाच्या अमेरिकन संशोधकानं पुरावा पुन्हा तपासला. सांगाडे एका वेळचे नाहीत, लढाईच्या खुणा नाहीत, कत्तल म्हणावी असं काही नाही. आज त्या आरोपाला अभ्यासकांत फारसा कोणी थारा देत नाही. इंद्र पुराव्याअभावी सुटला. पण ज्या एका गोष्टीबद्दल त्याचं नाव होतं, तीही त्यानं केली नसावी, असं सिद्ध होऊन सुटणं म्हणजे सुटकेतला अपमानच की!

अमरावती नावाचं एक शहर आपल्या वऱ्हाडातही आहे. नावाचं मूळ अभ्यासक उदुंबरावतीत शोधतात. उदुंबरावतीची उंबरावती आणि उंबरावतीची अमरावती. म्हणजे इंद्रापेक्षा उंबराचा हक्क मोठा. पण ह्या अमरावतीलाही तट आहे आणि तिलाही राक्षसांपासूनच राखायचं होतं. तिचे राक्षस म्हणजे पेंढारी. गावात कापसाचे, सावकारीचे धनवान व्यापारी, बाहेर घोड्यावरून येऊन लुटून जाणाऱ्या टोळ्या. 1807 साली निजामाच्या सरकारनं गावाभोवती दगडी परकोट बांधला. वीस ते सव्वीस फूट उंच, पाच दरवाजे, चार खिडक्या. जवाहर गेट, अंबा गेट ही नावं अमरावतीकर आजही पत्ता सांगताना घेतात. आकाशगंगा नाही, स्फटिक नाही. पण ही अमरावती कोणी शंख फुंकला म्हणून गुपचूप सोडून गेल्याचं ऐकिवात नाही. तिथले लोक अमर नव्हते ना. ज्याला मरण ठाऊक आहे त्याला दुसरीकडे जायला जागा नसते, म्हणून तो आपला दरवाजा धरून उभा राहतो.

आता शेवटी बळीकडे यायला हवं, कारण हिशेब तिथंच पुरा होतो.

अमरावती बळीकडून परत मिळाली ती लढून नव्हे. वामन बटू होऊन आला आणि तीन पावलं जमीन मागितली. शुक्राचार्यांनी बळीला बजावलं, हा कोण आहे ते ओळख, देऊ नकोस. बळीनं ओळखलं, आणि तरी दिलं. शब्द दिला होता म्हणून दिलं. दोन पावलांत सगळं गेलं, तिसऱ्याला त्यानं डोकं पुढे केलं. ज्यानं वेढा देऊन किल्ला घेतला त्यानं शब्द राखायला तो सोडला, आणि ज्याचा किल्ला होता तो तेव्हा लपून बसला होता. इंद्राला शहर परत मिळालं. बळीला सुतल मिळालं.

भागवत म्हणतं, सुतलही विश्वकर्म्यानंच बांधलं. तोच कंत्राटदार! पण सुतलात रोग नाही, शीण नाही, भय नाही. आणि दारावर पहारा कोणाचा? खुद्द विष्णूचा, हातात गदा घेऊन. ज्यानं घेतलं तोच द्वारपाल म्हणून उभा राहिला. दिग्विजयाला निघालेला रावण एकदा तिथंही जाऊन पोचला होता. ज्याच्या पोरानं इंद्राला बांधून नेलं, तोच हा. त्याला त्या द्वारपालानं पायाच्या अंगठ्यानं असा उडवला, की तो कोट्यवधी योजनं लांब जाऊन पडला. अमरावतीला असला पहारेकरी कधी मिळाला नाही. बांधकाम एकाच हातचं, पण एक शहर राजा भितो म्हणून पडत राहिलं आणि दुसरं राजा शब्दाला जागला म्हणून उभं राहिलं.

महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ह्या वेढ्याचा इतिहास तटाच्या दुसऱ्या बाजूनं मांडला. बळी हा रयतेचा न्यायी राजा. खंडोबा, म्हसोबा, जोतिबा ही त्याच्या कारभारातली माणसं. आणि वामन हा चालून आलेला परका. पंडितांनी त्यावर काय म्हणायचं ते म्हणोत. पण फुल्यांच्या आधीपासून कुणब्याच्या घरातल्या बाईनं आपलं मत नोंदवून ठेवलेलं आहे. दिवाळीच्या पाडव्याला ओवाळताना ती म्हणते, इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो. केरळात तर ओणमला बळीराजा वर्षातून एकदा घरी यायचा म्हणून अंगणात फुलांची रांगोळी घालतात. इंद्राचं राज्य येवो, असं म्हणत कोणी निरांजन लावलेलं मी ऐकलेलं नाही. शेतकऱ्याला आपण 'बळीराजा' म्हणतो. कोणाला 'इंद्रराजा' म्हटलं तर तो टोमणा समजून भांडायला येईल.

अमरावतीच्या तटाआड राहणाऱ्या सामान्य रहिवाशांचं मत मात्र कोणी विचारलेलं नाही. दर वेढ्यात त्यांनी बोचकी बांधली असतील, पोरं काखोटीला मारली असतील आणि तट ढासळलेला नसताना निघावं लागलं म्हणून एकदा मागे वळून पाहिलं असेल. त्यांच्यासाठी एक बातमी पुराणात आहे. सध्याच्या इंद्राची मुदत संपली, की पुढच्या, म्हणजे आठव्या मन्वंतरात अमरावतीचं इंद्रपद बळीला मिळायचं आहे. ते आश्वासन विष्णूनंच दिलेलं आहे. तेव्हा त्या शहराला वेढा कोण घालेल ते सांगता येत नाही. पण आतला राजा मागच्या दारानं निघून जाणार नाही, एवढा भरवसा रहिवाशांनी ठेवायला हरकत नाही.